राजाबाई मनोऱ्याचा नाद

चर्चच्या घंटेवरून दिवसाचे प्रहर ओळखण्याची सवय आपल्या कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. विद्येच्या आवारातही असा एक नाद, मधले खंड वगळता, जवळजवळ दीड शतक घुमत आला आहे. तो म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट येथील राजाबाई मनोऱ्याचा.

1864 साली कापसाच्या तेजीत गबर झालेले व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लक्ष रुपये दिले. त्याच वर्षी त्यांनी आणखी दोन लक्ष दिले, ते मोठे घड्याळ व आनंदघंटा असलेल्या मनोऱ्यासाठी. मनोऱ्याला आपल्या मातेचे, राजाबाईंचे नाव असावे, ही त्यांची इच्छा. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील यादवी संपली, कापसाचे भाव कोसळले आणि दात्याचे दिवाळे निघाले. दान मात्र फळाला आले. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्या आराखड्यानुसार 1869 मध्ये आरंभलेला 280 फूट उंचीचा मनोरा 1878 मध्ये पूर्ण झाला. राजाबाई दृष्टिहीन होत्या व सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचे जैन व्रत त्यांना घंटेच्या आधारे पाळता येई, अशी आख्यायिका आहे.

या घंटांवर एकेकाळी सोळा सुरावटी वाजत. त्यांत ब्रिटिशांचे राष्ट्रगीतही होते. परंतु हा मनोरा राज्यकर्त्यांचा निव्वळ भाट नव्हता. 1881 मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कचेऱ्यांना मद्रासची वेळ लावून दिली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा सुमारे अर्धा तास पुढे होती. विद्यापीठाचे घड्याळ मुंबईची वेळ दाखविणार असेल, तर रात्री त्यावर दिवे लावण्याचा खर्च देणार नाही, असे सरकारने बजावले. तरीही 1883 मध्ये सिनेटने मतदान करून मुंबईचीच वेळ राखली आणि अखेर सरकारला नमते घ्यावे लागले.

पुढे साम्राज्य गेले, त्याची स्तुतिगीतेही मौन झाली. दर पाव तासाचा साधा टोल तेवढा उरला. 2015 मध्ये मनोऱ्याचा जीर्णोद्धार पूर्ण झाला.

आमच्या जिवतीच्या डोंगरांतील मुलांचे विद्यापीठ 2011 साली स्थापन झालेले गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ. त्याच्या परंपरा अजून घडावयाच्या आहेत. त्या घडविणाऱ्यांनी राजाबाई मनोऱ्याचे एवढे ध्यानी घ्यावे : सत्तेचे गुणगान करणारे सूर विरले, आणि ज्याच्याजवळ घड्याळ नाही, ज्याला अक्षरओळख नाही, ज्याला दिसत नाही, त्यालाही वेळ सांगणारा टोल टिकला.