कवळाण्याचा गोपाळ
कोपर्निकस मार्गाच्या इंडिया गेटकडील टोकाशी बडोदा हाऊस उभे आहे. तेथे आज उत्तर रेल्वेची कचेरी असली, तरी आम्हां दिल्लीकर मराठी जनांस ते नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याची आठवण देते. स्वीडनचे काउंट आर्विद पोस्से उमराव असून शेतकरी पक्षाचे पुढारी झाले, १८८० साली पंतप्रधानही. इकडे प्रवास उलटा घडला. कवळाण्याचा निरक्षर शेतकरीपुत्र गोपाळ १८७५ साली दत्तक जाऊन बडोद्याचा सयाजीराव झाला. महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. मूल शाळेत न धाडणाऱ्या बापास दंड! गरिबांस तो जाचला असणारच. परंतु गुरे कोणी राखायची, ही बापाची सबब महाराजांस घरचीच होती. म्हणूनच त्यांनी ती मानली नाही, असे आम्हांस वाटते.