मलिदा (बेने इस्राएल विधी)

कोकणातील बेने इस्राएल ज्यूंचा कृतज्ञताविधी. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर व सुका मेवा कालवून ताटात फळांसह मांडतात. संदेष्टा एलियाहू हन्नबी याचे हिब्रू स्तवन गाऊन, फळांवर आशीर्वचने म्हणून प्रसाद वाटतात. नवस फेडताना, लग्नाआधी, नव्या घरात मलिदा होतो. अलिबागजवळच्या खंडाळे येथे एलियाहूचा रथ टेकला, अशी श्रद्धा आहे. १९४८ नंतर बहुतेक समाज इस्राएलला गेला. तेथे मुख्य रब्बींनी इतर ज्यूंशी होणाऱ्या त्यांच्या विवाहांवर अन्यायकारक अटी घातल्या. आंदोलनानंतर १९६४ मध्ये शासनाने त्यांना सर्व बाबतींत पूर्ण ज्यू मानले. इतर ज्यूंत नसलेला मलिदा मात्र त्यांनी टाकला नाही, हे विशेष मोलाचे. अश्दोद, लोद, दिमोना येथे तो घरांबरोबरच सभागृहांतही होतो.