जर-तरचं व्याकरण

व्याकरणाच्या तासाला 'क्रियापदाचे अर्थ' हा धडा आला की मी खुलायचो. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि शेवटी संकेतार्थ. फळ्यावर वाक्य लिहायचो, 'पाऊस आला असता तर धान पिकलं असतं.' आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या पोरांना ते लगेच कळायचं. घरी तेच वाक्य त्यांनी दहादा ऐकलेलं असायचं.

हे आठवायचं कारण म्हणजे परवा भाचीचा पुण्याहून फोन आला होता. ती पर्यावरणाचा अभ्यास करते. म्हणाली, "मामा, आता योजना आखताना तिथल्या लोकांनाच सोबत घेऊन मॉडेल तयार करतात. असं केलं तर काय होईल, तसं केलं तर काय होईल, हे सगळ्यांनी मिळून मांडायचं." मी म्हटलं, "अगं, हा तर आपला संकेतार्थ झाला!"

1972 साली 'लिमिट्स टू ग्रोथ' नावाचं पुस्तक निघालं. अमेरिकेतल्या अभ्यासकांनी संगणकावर सगळ्या जगाचं जर-तर मांडलं होतं. लोकसंख्या अशीच वाढली तर काय, खनिजं संपली तर काय. काम मोठंच होतं. पण प्रश्न विचारणारे मूठभर आणि उत्तर भोगणारे सगळे. पुढे अनेकांना वाटू लागलं की जो उत्तर भोगणार आहे, त्यालाही प्रश्न विचारू द्यावा.

त्यात नुसता न्यायाचा मुद्दा नाही, शहाणपणाचाही आहे. 1970च्या दशकात माधव गाडगीळ कर्नाटकात कारवारकडच्या बांबूचा अभ्यास करत होते. बांबू चांगला वाढावा म्हणून बेटांच्या बुडाशी असलेलं काटेरी जाळं साफ केलं जाई. गावकऱ्यांनी सांगितलं की ते काटेच कोवळ्या कोंबांना राखतात, काटे काढले तर गुरं नि रानातली जनावरं कोंब खाऊन टाकतात. गाडगीळांनी प्रत्यक्ष तपासून पाहिलं. गावकऱ्यांचंच खरं निघालं! तज्ज्ञांच्या हिशेबात गाय धरलेलीच नव्हती.

आपल्याकडे 1864 मध्ये वनखातं आलं आणि जंगलाचा कारभार आज्ञार्थात सुरू झाला. तोडू नका, चारू नका, इथून निघा. संकेतार्थ तिथेही होता, पण तो कचेरीतल्या कार्य आयोजनेत, गावापासून लांब.

तो गावात कसा आला, हे पाहायला गडचिरोलीहून साधारण तीस किलोमीटरवर, धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावात जावं लागेल. 1980च्या दशकात या भागात धरणांविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन झालं. त्यातूनच देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही माणसं एकत्र आली. मेंढ्यात अभ्यासगट सुरू झाले. बाहेरच्या जाणकारांनी यावं, गावकऱ्यांबरोबर बसावं, माहिती द्यावी, वाद घालावा. निर्णय मात्र ग्रामसभेचा, तोही सर्वांच्या संमतीने. एकाला जरी पटलं नाही तरी थांबायचं, पुन्हा बोलायचं. मिलिंद बोकील यांच्या 'गोष्ट मेंढा गावाची' या पुस्तकात हे सगळं आलं आहे, जरूर वाचा.

2006चा वनहक्क कायदा आला आणि 2009 साली मेंढ्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क सर्वांत आधी मिळालेल्या गावांपैकी हे एक. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना अडलेलाच होता. 27 एप्रिल 2011 रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं.

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं पाचगाव घ्या. गोंडपिपरी तालुक्यातल्या या गावाला 2012 साली सुमारे 1,000 हेक्टरवर हक्क मिळाला. उन्हाळ्यात तेंदूपानाचा हंगाम म्हणजे इकडे रोख पैसा. पण पाचगावच्या लोकांनी हिशेब मांडला. पानासाठी झाडं छाटली जातात, जंगलाला आगी लागतात; हे असंच चाललं तर? त्यांनी तेंदू तोडणं बंद केलं आणि बांबूवर भर दिला. हातचा पैसा सोडायला छाती लागते हो. बाहेरच्या कुणी तसा आदेश काढला असता तर मोर्चा निघाला असता. स्वतः काढलेलं उत्तर होतं म्हणून ते पाळलं गेलं.

आता दुसरी बाजूही सांगतो. मी एका खेड्यातल्या शाळेवर असताना बाहेरून काही मंडळी आली होती. त्यांनी गावकऱ्यांकडून जमिनीवर रांगोळीने गावाचा नकाशा काढून घेतला. तळ्याच्या जागी निळा रंग, जंगलाच्या जागी पाला. माझी पोरं हौसेने राबली. मंडळींनी फोटो काढले, कागदावर नक्कल उतरवली आणि जीप निघून गेली. संध्याकाळी एक म्हातारबाबा त्या पुसट रांगोळीकडे बघत मला म्हणाले, "नकाशा तं ते घेऊन गेले जी गुरुजी. आपल्याकडे काय राहिलं?" मला उत्तर देता आलं नाही.

भाचीला मी हेच सांगितलं. लोकांना बोलावता, छान करता. पण नकाशा शेवटी कुणाकडे राहतो तेवढं बघ. तो गावात राहिला तर पुढच्या वर्षी चूक दुरुस्त करता येते, नवा 'जर' विचारता येतो. तो जीपमधून निघून गेला तर लोकांचा सहभाग फोटोपुरताच उरतो. आमच्या जिल्ह्यांत जमिनीखाली कोळसा आहे, लोखंड आहे. जर-तर पुष्कळ यायचे आहेत.

भाची म्हणाली, "मामा, हे लिहून काढा." म्हणून लिहिलं. त्या म्हातारबाबांना उत्तर द्यायचं माझं राहूनच गेलं. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर कळवा.