४८८ दिवस, मग अकरा मिनिटं

१६ एप्रिल २००७, सोमवार. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, ब्लॅक्सबर्ग नावाच्या लहानशा गावातल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात एका विद्यार्थ्याने ३२ जणांना गोळ्या घालून ठार केलं आणि शेवटची गोळी स्वतःला मारून घेतली. राज्यपाल टिम केन यांनी लगेच चौकशी समिती नेमली. राज्य पोलिसांचे माजी प्रमुख जेराल्ड मॅसेंगिल अध्यक्ष होते आणि चार महिन्यांत अहवाल लोकांसमोर आला. त्यात मिनिटामिनिटाचा हिशेब आहे.

छत्रपती संभाजीनगरात बसून तो हिशेब वाचायला कारण इथलंच आहे. २०२२ मध्ये, शहर अजून कागदोपत्री औरंगाबाद असताना, सहा महिन्यांच्या अंतराने दोन तरुणी अशाच माथेफिरूपणाला बळी पडल्या. एकीवर कॉलेजजवळ हल्ला झाला, दुसरीवर थेट संस्थेच्या आवारात. दोन्ही वेळा चहाच्या टपरीपासून स्टाफरूमपर्यंत लोक एकच विचारत होते, 'आधी कुणालाच कळलं नाही का?' ब्लॅक्सबर्गमध्येही हेच विचारलं गेलं. उत्तर वाईट आहे. कळलं होतं, बऱ्याच जणांना.

दीड वर्ष आधी

२००५ चा पावसाळा इथे संपत आला तेव्हा तिथे नवं सत्र सुरू झालं होतं. कवयित्री निक्की जिओव्हानी यांच्या लेखनवर्गात सुंग-हुई चो नावाचा इंग्रजीचा विद्यार्थी बसायचा. डोक्यावर टोपी, डोळ्यांवर गॉगल, तोंडातून शब्द नाही. बाकाखालून मुलींचे फोटो काढायचा. लिहायचा ते हिंसेनं भरलेलं. मुली वर्गाला येईनाशा झाल्या. जिओव्हानींनी विभागाला सांगून टाकलं की याला काढा, नाहीतर मी नोकरी सोडते.

विभागप्रमुख ल्युसिंडा रॉय यांनी त्याला वर्गातून बाजूला घेतलं आणि स्वतः एकट्याला शिकवायला लागल्या. त्याच्या तासाला काही धोका वाटलाच तर बाहेरच्या सहायिकेला कळावं म्हणून त्यांनी सांकेतिक शब्द ठरवून ठेवला होता. त्यांनी विद्यार्थी विभागाला कळवलं, समुपदेशन केंद्राला कळवलं, कॅम्पस पोलिसांनाही कळवलं. यापेक्षा जास्त एका प्राध्यापिकेने काय करायचं?

त्याचा मागचा इतिहास मात्र त्यांच्यापर्यंत आलाच नव्हता. दक्षिण कोरियातून आठव्या वर्षी आलेला हा मुलगा शाळेत असताना, १९९९ च्या कोलंबाइन शाळेतल्या हत्याकांडानंतर, तसंच करावंसं वाटतं असं लिहून बसला होता. शाळेने तेव्हा दखल घेतली. उपचार झाले, औषध सुरू झालं, वर्गात बोलण्याची सक्ती होऊ नये म्हणून खास सवलत मिळाली. २००३ मध्ये तो विद्यापीठात आला, आणि त्याच्यासोबत यातला एकही कागद आला नाही. मुलाच्या आजाराची माहिती पुढे देऊ नये हा गोपनीयतेचा नियम चांगल्या हेतूने केलेला आहे. समितीने पुढे म्हटलं की नियमाला जेवढं अपेक्षित होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त गप्प अधिकारी बसले.

४८८ दिवस आधी

नोव्हेंबर २००५ मध्ये एका विद्यार्थिनीने चोविरुद्ध कॅम्पस पोलिसांकडे तक्रार केली, डिसेंबरमध्ये दुसरीने. नको असलेले संदेश, दारावर येऊन उभं राहणं. १३ डिसेंबरला पोलीस त्याच्या खोलीवर गेले आणि समज देऊन परतले. त्यानंतर त्याने शेजारच्या मुलाला संदेश पाठवला की आता जीवच द्यावा. त्या मुलाने पोलिसांना सांगितलं. चोला त्या रात्री मानसोपचार रुग्णालयात ठेवलं गेलं.

१४ डिसेंबरला सकाळी विशेष न्यायाधीशांसमोर सुनावणी झाली. तो स्वतःला इजा करण्याचा धोका आहे असा निर्णय देऊन त्याला बाह्यरुग्ण म्हणून उपचार घ्यायचा आदेश मिळाला. दुपारी तीन वाजता तो विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात गेला. बोलणं झालं, पुढची तारीख ठरली नाही. आदेश पाळला जातोय का हे बघणं कुणाचं काम आहे, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. न्यायालयाला वाटलं केंद्र बघेल. केंद्राने ते विद्यार्थ्यावर सोडलं.

त्याची ती फाइल नंतर सापडेना. जुलै २००९ मध्ये, म्हणजे सगळं होऊन गेल्यावर दोन वर्षांनी, ती केंद्राच्या माजी संचालकांच्या घरी मिळाली.

२३८ दिवस आधी

२१ ऑगस्ट २००६, सत्राचा पहिला दिवस. विल्यम मॉर्वा नावाचा कैदी आदल्या दिवशी रुग्णालयातल्या रक्षकाला ठार करून पळाला होता, मग एका पोलिसालाही त्याने मारलं आणि तो कॅम्पसच्या आसपास आहे अशी बातमी आली. विद्यापीठाने सूचना पाठवली, वर्ग बंद केले. म्हणजे हे कसं करायचं ते त्यांना ठाऊक होतं.

६६ दिवस आधी

९ फेब्रुवारी २००७. चोने ऑनलाइन मागवलेलं वॉल्थर पिस्तूल ब्लॅक्सबर्गच्या एका दुकानातून उचललं. १३ मार्चला रोआनोकमधल्या दुकानातून ५७१ डॉलरला ग्लॉक १९ घेतलं. व्हर्जिनियात तेव्हा ३० दिवसांत एकच हातबंदूक घेता यायची आणि त्याने तो नियमही पाळला! पार्श्वभूमी तपासणीत तो दोन्ही वेळा पास झाला. संघराज्याच्या कायद्याने, न्यायाधीशाने धोकादायक ठरवलेल्या माणसाला बंदूक विकता येत नाही. पण व्हर्जिनिया राज्य फक्त रुग्णालयात सक्तीने भरती झालेल्यांचीच नावं बंदूकबंदीच्या यादीत पाठवायचं. चो बाह्यरुग्ण होता.

२ तास ५३ मिनिटं आधी. सकाळी ६.४७

वेस्ट अँबलर जॉन्स्टन या वसतिगृहाच्या बाहेर चो दिसतो.

२ तास २५ मिनिटं आधी. सकाळी ७.१५

वसतिगृहाच्या चौथ्या मजल्यावर एका विद्यार्थिनीला आणि आवाज ऐकून धावलेल्या वसतिगृह सहायकाला गोळ्या लागतात. चो आपल्या खोलीवर जातो, रक्ताचे कपडे बदलतो. ७.२० ला पोलिसांना फोन जातो आणि ७.२४ ला अधिकारी पोहोचतो.

पोलिसांना चटकन एक धागा मिळतो. त्या मुलीच्या मित्राकडे बंदुका आहेत, असं तिची मैत्रीण सांगते. प्रेमप्रकरण असणार, आणि मारेकरी कॅम्पस सोडून गेला असणार. हा अंदाज मूर्खपणाचा नव्हता, पण त्यांनी तो अंदाज म्हणून ठेवला नाही. पुढचे दोन तास सगळा कारभार त्यावरच चालला. खासगी भांडण आहे असं एकदा ठरलं की बाकीच्यांना सावध करायची गरज वाटेनाशी होते. हे आपल्याकडेही रोज होतं.

इथल्या देवगिरी महाविद्यालयाजवळ २१ मे २०२२ च्या शनिवारी नेमकं हेच घडलं. भर दुपारी एका १९ वर्षांच्या विद्यार्थिनीला रस्त्यावरून ओढत मोकळ्या भूखंडावर नेलं गेलं आणि गळा चिरून तिचा खून झाला. ओढून नेताना कॅमेऱ्यात दिसतं. दुसऱ्या दिवशी संशयित नाशिक जिल्ह्यात लासलगावला सापडला. तो बऱ्याच दिवसांपासून तिच्या मागे लागला होता, हे बातम्यांत नंतर आलं. दोघांचं काहीतरी असेल, आपण कशाला मध्ये पडायचं, हा विचार बघ्यांच्या मनात आला असणार. ब्लॅक्सबर्गच्या पोलिसांच्या मनातही सव्वासातला तोच आला.

१ तास १५ मिनिटं आधी. सकाळी ८.२५

विद्यापीठाचे वरिष्ठ अधिकारी बैठकीला बसतात. एक जण मारला गेलाय आणि दुसरी गंभीर जखमी आहे हे त्यांना माहीत आहे. काय कळवायचं, कोणत्या शब्दांत, घबराट होईल का, यावर चर्चा चालते. बैठकीच्या बाहेर मात्र बातमी पसरलेली असते. ८.५२ ला गावातल्या शाळा बाहेरची दारं लावून घेतात. कॅम्पसमधून बँकेची रोकड नेणं रद्द होतं, कचरा उचलणंही थांबवलं जातं. काही अधिकाऱ्यांनी घरच्यांना फोन करून सांगितलं होतं, असं अहवालाच्या पुढच्या पुरवणीत नोंदवलं आहे.

हजारो विद्यार्थी मात्र नऊ पाचच्या तासाला निघालेले असतात.

३९ मिनिटं आधी. सकाळी ९.०१

ब्लॅक्सबर्गच्या टपाल कार्यालयात चो एक पाकीट पाठवतो. आत त्याचे फोटो, चित्रफिती, लांबलचक आरोपपत्र. पत्ता एनबीसी वाहिनीचा, तोही चुकलेला.

१४ मिनिटं आधी. सकाळी ९.२६

पहिला ई-मेल सुटतो. वेस्ट अँबलर जॉन्स्टनमध्ये सकाळी गोळीबाराची घटना घडली, पोलीस तपास करत आहेत, सावध राहा, संशयास्पद दिसल्यास कळवा. एकाचा जीव गेला आहे आणि मारणारा मोकळा आहे, हे त्यात नाही. एखाद्या सरकारी परिपत्रकाची आठवण व्हावी असं लिखाण.

याच सुमाराला नॉरिस हॉल या अभियांत्रिकी इमारतीची तिन्ही मुख्य दारं आतून साखळीने बांधली जातात. एका दाराला चिठ्ठी लावलेली आहे, उघडाल तर स्फोट होईल. एका प्राध्यापिकेला ती दिसते. ती काढून त्या तिसऱ्या मजल्यावरच्या अधिष्ठात्यांच्या कार्यालयाकडे पाठवतात. बाँबच्या धमक्या त्या महिन्यात आधीही दोनदा येऊन गेल्या होत्या आणि दोन्ही वेळा काही निघालं नव्हतं.

सकाळी ९.४०

दुसरा मजला. खोली २०६ मध्ये जी. व्ही. लोगनाथन जलशास्त्र शिकवत होते. तमिळनाडूतून आलेले, कानपूर आयआयटीत शिकलेले. तेही गेले आणि त्यांचे बहुतेक विद्यार्थीही. त्या दिवशी नॉरिस हॉलमध्ये मारल्या गेलेल्यांत मुंबईहून पदव्युत्तर शिक्षणाला गेलेली २६ वर्षांची एक विद्यार्थिनी होती. खोली २०४ मध्ये ७६ वर्षांचे लिव्हिउ लिब्रेस्कू, हिटलरच्या छळातून वाचलेले प्राध्यापक, दाराला पाठ लावून उभे राहिले. त्यांच्या विद्यार्थ्यांनी खिडकीतून उड्या मारल्या. लिब्रेस्कू स्वतः वाचले नाहीत. खोली २०५ मधल्या मुलांनी टेबल दाराला लावून धरलं आणि त्या वर्गातले सगळे वाचले.

९.४५ ला पोलीस इमारतीपाशी पोहोचतात, साखळ्यांमुळे आत जाता येत नाही. शेवटी दुसऱ्या एका दाराचं कुलूप बंदुकीने उडवून ९.५० ला आत शिरतात. तेव्हाच दुसरा ई-मेल सुटतो की कॅम्पसवर बंदूकधारी मोकळा आहे, खिडक्यांपासून दूर राहा. ९.५१ ला चो स्वतःला गोळी मारतो. १७४ फैरी, ३० मृत, तेही अकरा मिनिटांत.

त्यानंतर

लोक काय म्हणाले? बंदुका बंद करा, असं अर्धी अमेरिका म्हणाली. विद्यार्थ्यांकडेही बंदुका असत्या तर वाचले असते, असं उरलेल्या अर्ध्यांपैकी बरेच म्हणाले. दक्षिण कोरियात लोकांनी मेणबत्त्या लावून माफी मागितली, जणू आठव्या वर्षी देश सोडलेल्या मुलाचा गुन्हा सगळ्या देशाच्या माथ्यावर होता. आपल्याकडच्या माणसाला ही भावना परकी नाही. एनबीसीने दोन दिवसांनी ते पाकीट पडद्यावर दाखवलं तेव्हा मृतांच्या काही कुटुंबांनी त्या वाहिनीला द्यायच्या मुलाखती रद्द केल्या. मला त्यांचं बरोबर वाटतं. मारेकऱ्याला हवं होतं तेच त्याला मिळालं.

मग न्यायालय. मृत विद्यार्थिनींपैकी दोघींच्या पालकांनी दावा केला, सव्वासातनंतर सावध केलं असतं तर आमच्या मुली नॉरिस हॉलला गेल्याच नसत्या. २०१२ मध्ये ज्यूरीने विद्यापीठाचा हलगर्जीपणा मान्य केला. ३१ ऑक्टोबर २०१३ ला व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. दुसरा हल्ला होईल असा अंदाज त्या सकाळच्या माहितीवरून बांधता येत नव्हता, म्हणून सावध करण्याचं कायदेशीर कर्तव्य उद्भवत नाही, असं न्यायालय म्हणालं. सव्वासात ते पावणेदहा एवढंच पाहिलं तर हा निकाल कदाचित चुकीचाही नाही. ४८८ दिवस त्या दाव्यात नव्हतेच.

बदल झाले ते त्या दिवसांमुळे. सुनावणीत धोकादायक ठरलेला बाह्यरुग्णही बंदूकबंदीच्या यादीत जाईल, असा आदेश केन यांनी दोन आठवड्यांत काढला. २००८ च्या जानेवारीत संघराज्यानेही तपासणीचा कायदा सुधारला. त्याच वर्षी व्हर्जिनियाने प्रत्येक सरकारी महाविद्यालयाला पोलीस, समुपदेशक, विद्यार्थी विभाग, वकील यांना एका टेबलाशी बसवणारं पथक सक्तीचं केलं. रॉय यांना तीन दारं ठोठावावी लागली होती, ती आता एका खोलीत आली.

आपल्याकडे बंदूक सहज मिळत नाही. इथे सुरी असते, पेट्रोलची बाटली असते. २१ नोव्हेंबर २०२२ ला, मे महिन्यातल्या त्या खुनाला बरोबर सहा महिने झाले होते, तेव्हा हनुमान टेकडी परिसरातल्या शासकीय फॉरेन्सिक विज्ञान संस्थेत एका संशोधक विद्यार्थ्याने पेटवून घेऊन सोबतच्या संशोधक विद्यार्थिनीला मिठी मारली. तो मेला, ती गंभीर भाजली. त्याच्या त्रासाची तक्रार आधी पोलिसांकडे गेली होती, हे बातम्यांतून समोर आलं.

महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती असते, ठाण्यात अदखलपात्र गुन्ह्याची नोंदवही असते, मार्गदर्शक प्राध्यापकाला काही कुणकुण असते, घरच्यांनी दोनदा त्या मुलाला समज दिलेली असते, मैत्रिणींना सगळं माहीत असतं. हे चारपाच जण कधी एकमेकांशी बोलतात? पाठलागाचा गुन्हा २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेत ३५४ ड म्हणून आला आणि पहिल्या वेळी तो जामीनपात्र ठेवला गेला. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेत कलम ७८ झाला. पहिल्या वेळचा जामीन तसाच राहिला.