आक्षीचा शिलालेख आणि झाम्पोली पुरस्कार: काय आहे संबंध?

अलिबागजवळच्या आक्षीचा शिलालेख मराठीतील सर्वांत जुन्या लेखांपैकी एक मानला जातो. शं. गो. तुळपुळे यांच्या मते तो शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा आहे. पण हे वाचन सर्वांना मान्य नाही.

असे मतभेद संगणकावर नोंदवायचे कसे? १९८७ मध्ये सुरू झालेल्या 'टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह'ची नियमावली त्यासाठी वापरता येते. पुसट अक्षरे, शंकास्पद जागा आणि वेगवेगळी वाचने तिच्या खुणांनी स्वतंत्रपणे दाखवता येतात. त्यामुळे एका अभ्यासकाचा अंदाज पुढच्या पिढीपर्यंत वस्तुस्थिती म्हणून पोहोचत नाही.

याच उपक्रमाला २०१७ मध्ये अँटोनिओ झाम्पोली पुरस्कार मिळाला. डिजिटल मानव्यविद्या संस्थांचा जागतिक महासंघ तो एखाद्या विशिष्ट कामासाठी देतो. प्रदीर्घ योगदानासाठी महासंघाचा रॉबेर्तो बुसा पुरस्कार वेगळा आहे.