‘पेशवाई’: एका शब्दाचा इतिहास

‘पेशवाई’ हा शब्द आपल्या घरांत इतका रुळला आहे कीं, त्याचा अर्थ कोणी विचारीत नाहीं. लग्नांत चांदीचीं ताटें, रांगोळी, उदबत्त्या अशी पंगत मांडली म्हणजे ‘काय पेशवाई थाट आहे!’ असे उद्गार निघतात. उलट, कोणी कर्तव्य सोडून ऐषआरामांत लोळूं लागला, तर त्याला ‘उत्तर पेशवाई’ची उपमा देतात. एकच शब्द थाटालाहि लागतो आणि नीतीलाहि. स्तुतीलाहि आणि निंदेलाहि. असें कां झालें, याचा आज थोडा विचार करूं.

हें मराठींतच घडलें असें नाहीं. व्हिक्टोरिया राणीनें १८३७ पासून १९०१ पर्यंत राज्य केलें; पण इंग्रज मनुष्य ‘व्हिक्टोरियन’ म्हणतो तेव्हां त्याच्या मनांत सनावळी नसते; जड सामानानें भरलेला दिवाणखाना आणि कडक सोंवळें वर्तन असतें. आपणहि अंदाधुंदी दिसली कीं, ‘ही काय मोगलाई आहे?’ असें विचारतोंच.

‘पेशवा’ हा मूळचा फारसी शब्द. त्याचा अर्थ पुढें असणारा, अग्रणी. १७१३ सालीं शाहूमहाराजांनीं बाळाजी विश्वनाथांस हें पद दिलें, तेव्हां ‘पेशवाई’ म्हणजे केवळ एक अधिकाराची जागा होती. पुढें ती एकाच घराण्यांत राहिली, सत्ता साताऱ्याहून पुण्यास आली, आणि जागेचें नांव काळाला लागलें. १८१८ सालीं राज्य गेलें, आणि काळाचें नांव आठवणीला लागलें.

आतां, हा थाट कोणत्या पेशवाईचा? थोरल्या बाजीरावांनीं १७३० सालीं शनिवारवाड्याचा पाया घातला खरा, पण १७२० ते १७४० हीं त्यांच्या कारभाराचीं वर्षें बहुतेक स्वाऱ्यांतच गेलीं. आपल्या डोळ्यांपुढें येते ती पेशवाई नंतरच्या पुण्याची, आणि त्यांतहि वाड्यांत राहणाऱ्या सरदार-सावकारांची. शनिवारवाड्याच्या आंतल्या इमारती १८२८ च्या आगींत जळाल्या. वाडा डोळ्यांआड झाला, आणि कल्पनेला मोकळें रान मिळालें.

नीतीचेंहि तसेंच. ज्यांना गौरव करावयाचा असतो ते रामशास्त्री प्रभुण्यांकडे बोट दाखवितात. १७७३ सालीं नारायणरावांचा खून झाला, तेव्हां त्यांचे चुलते रघुनाथराव यांस देहान्त प्रायश्चित्त सांगण्याचें धैर्य या न्यायाधीशानें दाखविलें. ‘रामशास्त्री बाणा’ हा शब्द तेथूनच आला. न्यायमूर्ति रानड्यांनींहि १९०० सालीं पेशव्यांच्या रोजनिश्यांवर लिहितांना कन्याविक्रय व दारू यांस बंदी करणाऱ्या हुकुमांकडे लक्ष वेधलें. ज्यांना निंदा करावयाची असते ते दुसऱ्या बाजीरावांचा विलास आणि १८०२ चा वसईचा तह पुढें करतात. दोघांचाहि पुरावा खरा आहे. परंतु प्रत्येकानें शंभरांहून अधिक वर्षांतून आपल्यास हवीं तेवढींच वर्षें उचललीं आहेत.

आणखीहि एक पेशवाई आहे. आमच्यासारख्यांच्या घरांत तिचें नांव क्वचितच निघालें. जोतीराव फुल्यांनीं त्या अमलावर कठोर टीका केली. डॉ. आंबेडकरांनीं लाहोरच्या सभेसाठीं लिहिलेलें, पण करतां न आलेलें भाषण १९३६ सालीं छापलें. पुण्यांत अस्पृश्यांस आपलीं पावलें पुसण्यासाठीं कमरेला झाडू आणि थुंकी झेलण्यासाठीं गळ्यांत मडकें बांधावें लागे, असें त्यांनीं त्यांत लिहिलें आहे. ही आठवण ज्या घरांत जपली गेली, तेथें ‘पेशवाई थाट’ हे शब्द कसे ऐकूं येत असतील?

शब्द टाकून द्यावा असें माझें म्हणणें नाहीं. रुळलेले शब्द कोणाच्या सांगण्यानें जात नाहींत. परंतु वर्गांत मुलांस मी सांगत असें तेंच येथें सांगतों: ‘पेशवाई’ असें कोणी म्हटलें, तर कोणत्या सालची, आणि कोणाच्या दारांतून पाहिलेली, हे दोन प्रश्न विचारावेत. पंगतींत बसलेल्याची पेशवाई वेगळी आणि वेशीबाहेर उभ्या असलेल्याची वेगळी. इतिहास दोघांचाहि आहे.