शिरोडकरांचा टाका

आज एका मोठ्या सर्जनची आठवण काढायची आहे. पण सुरुवात माझ्या आत्यापासून करते.

आत्या संगमेश्वराकडे दिलेली. तिला तीनदा दिवस गेले आणि तिन्ही वेळा पाचव्या महिन्यात मूल गेलं. फार कळाही आल्या नाहीत, असं ती सांगायची. लावणी करताना कंबर जड झाली, घरी पोचेपर्यंत सगळं संपलं. मग देवळात कौल लावून झाला, गाऱ्हाणं घालून झालं. शेवटी ठरलं की दोष तिच्यातच आहे. कुणाच्या ओटीभरणाला तिला बोलवेनासे झाले. ही १९६० नंतरची गोष्ट.

आता दुसरी गोष्ट ऐका. ह्याच दुखण्यावरचा इलाज १९५५ सालीच छापून आला होता, आणि तो शोधणारा माणूस मुंबईतच होता. त्यांचं नाव डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर.

त्यांचा जन्म १८९९ चा, गोव्यातल्या शिरोडा गावचा. वेंगुर्ल्याजवळचं, मिठाच्या सत्याग्रहाचं शिरोडं ते वेगळं. गोव्यात तेव्हा पोर्तुगिजांचं राज्य होतं. शिरोडकर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले, १९२३ साली डॉक्टर झाले. पुढे विलायतेत जाऊन १९३१ मध्ये सर्जनची मोठी परीक्षा पास झाले आणि परत येऊन आपल्याच कॉलेजात शिकवू लागले.

त्यांच्याकडे आत्यासारख्या बायका येत. दिवस राहायचे, तीन महिने सुखरूप जायचे आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात मूल पडायचं. शिरोडकरांच्या लक्षात आलं की ह्यातल्या काही जणींच्या गर्भात काही खोट नसते. खोट असते ती पिशवीच्या तोंडाशी.

आजीचा पानाचा बटवा आठवा. दोरी ओढून बांधलेली असली तर बटवा उलटा धरला तरी सुपारी पडत नाही. दोरी सैल असेल तर वजन वाढलं की तोंड आपोआप उघडतं. गर्भाशयही असंच, तोंड खाली असलेला बटवा. त्याचं तोंड नऊ महिने घट्ट राहायला हवं. काही जणींचं ते कमजोर असतं. बाळाचं वजन वाढलं की कळा न येताच ते उघडायला लागतं.

शिरोडकरांनी त्या तोंडाभोवती टाका घातला. सुरुवातीला त्यासाठी त्यांनी बाईच्याच मांडीतल्या चिवट पडद्याची पट्टी वापरली. बाई गर्भार असतानाच हे ऑपरेशन करायचं, म्हणजे धाडसाचंच काम. साधारण तीन महिने झाल्यावर टाका घालायचा आणि दिवस भरत आले की काढायचा. पुढे १९५७ साली ऑस्ट्रेलियातल्या डॉ. मॅकडोनाल्ड यांनी त्याहून सोपा टाका सांगितला; आज तो जास्त वापरला जातो. पण जगभरच्या डॉक्टरी पुस्तकांत 'शिरोडकर टाका' हे नाव अजून आहे. सरकारने त्यांना १९६० साली पद्मभूषण आणि १९७१ साली पद्मविभूषण दिलं. त्याच १९७१ मध्ये ते वारले.

एखादे सर्जन गेले की पेपरात छापून येतं, 'कुटुंबवत्सल होते'. शिरोडकरांच्या बाबतीत मला वाटतं, किती घरांत पाळणा हलला तो ह्या माणसाच्या हातामुळे.

त्यांचं आणखी एक काम आपल्याला माहीत हवं. बाळंतपणं आणि ओझी वाहून 'अंग बाहेर येतं', हे आपण कुजबुजत बोलतो. तरुण बाईची पिशवी न काढता ती आतून पट्टीने वर टांगून धरायचं ऑपरेशनही शिरोडकरांनी बसवलं. म्हणून कुणी सांगितलं, 'पिशवी काढून टाका', तर आधी विचारा: काढायलाच हवी का? दुसरा इलाज आहे का? गरज वाटली तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. कधी काढावीच लागते, पण विचारायचा हक्क आपला आहे.

एक नीट ध्यानात ठेवा. टाका हा प्रत्येक गर्भपातावरचा इलाज नव्हे. पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ पडतात, त्यातल्या बऱ्याच वेळा गर्भाची घडणच बिघडलेली असते. तिथे टाका कामाचा नाही. त्यात बाईची चूकही नसते. पण चौथ्या ते सहाव्या महिन्यात, फारसं न दुखता मूल गेलं असेल, तर ते कितव्या महिन्यात, कसं झालं, हे लिहून ठेवा. पुन्हा दिवस राहिले की लगेच आशाताईंना सांगा आणि स्त्रीरोग डॉक्टरांना ती सगळी हकिकत द्या. सोनोग्राफीत पिशवीच्या तोंडाची लांबी मोजता येते. टाका हवा की नको, हे त्यावरून आणि आधीच्या हकिकतीवरून डॉक्टर ठरवतात.

आत्याचा दीर तेव्हा मुंबईला गिरणीत होता. दर महिन्याला त्याची मनीऑर्डर यायची. आंबे, फणस, कोकमं इथून त्याच्याकडे जायची. एवढी ये-जा होती, पण ह्या टाक्याची बातमी काही आमच्या वाडीत आली नाही. मुंबईत इलाज होता आणि इथे आत्या बोल ऐकत राहिली. ती गेली तेव्हाही तिला वाटत होतं की चूक तिचीच होती.

पुढच्या वेळी बचत गट बसेल तेव्हा हिशेब झाल्यावर दहा मिनिटं हा विषय काढा. गटात नाही बोलली तरी एखादी बाई नंतर वाटेत थांबवून विचारील. तिला दवाखान्यात एकटीला पाठवू नका, सोबत जा.

येते मी. नमस्कार.